नोंदवहीतले नाव

इतिहासाच्या तासाला आपण फळ्यावर एक तारीख हमखास लिहितो : २ ऑगस्ट १८५८. त्या दिवशी ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याला व्हिक्टोरिया राणीची संमती मिळाली, ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य संपले आणि हिंदुस्थानचा कारभार थेट राणीच्या नावाने सुरू झाला. मुले ही तारीख पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. पण त्याच दिवशी आणखी एका कायद्याला संमती मिळाली होती, हे बहुतेक पाठ्यपुस्तकांत नसते. पार्लमेंटचे अधिवेशन संपायला आले की राहिलेली सगळी विधेयके एकगठ्ठा संमतीला जात. त्या गठ्ठ्यात हिंदुस्थानच्या विधेयकाबरोबर डॉक्टरांचेही एक विधेयक होते. 'मेडिकल अॅक्ट १८५८' हे त्याचे नाव. डॉक्टर कोणाला म्हणायचे, हा प्रश्न या कायद्याने एका नोंदवहीवर सोपवला.

घरात औषधाची एखादी चिठ्ठी पडली असेल तर ती काढून पाहा. डॉक्टरांच्या नावाखाली पदवी असते आणि पदवीखाली नोंदणी क्रमांक. आपल्याकडे २००२ साली केलेल्या आचारसंहितेने तो क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर दिसेल असा लिहिणे डॉक्टरांना बंधनकारक केले. आपण पदवी वाचतो, फी विचारतो, क्रमांकाकडे मात्र लक्ष देत नाही. त्या क्रमांकाचे मूळ १८५८ च्या त्या कायद्यात आहे. त्याची कहाणी थोडी लांबची आहे, आणि ती एडिंबरोहून मुंबईला येते.

कायद्याआधीचे इंग्लंड कसे होते? रोग्यांवर उपचार करणाऱ्यांच्या तिथे तीन जाती होत्या. जाती हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. सर्वांत वर फिजिशियन : विद्यापीठात लॅटिन शिकलेले, नाडी पाहून औषध लिहून देणारे, हाताने करायचे काम त्यांना कमीपणाचे वाटे. त्यांचे रॉयल कॉलेज १५१८ साली आठव्या हेन्रीच्या सनदेने स्थापन झाले होते. त्यांच्याखाली सर्जन, म्हणजे कापाकापी करणारे. लंडनमध्ये बरीच वर्षे त्यांचा आणि न्हाव्यांचा संघ एकच होता. सर्वांत खाली अपॉथेकरी : औषधे कुटून, मिसळून विकणारे आणि हळूहळू स्वतःच रोगी तपासू लागलेले. खेड्यापाड्यांतल्या आणि गरीब वस्त्यांतल्या माणसांचा खरा डॉक्टर हाच. १८१५ च्या एका कायद्याने अपॉथेकरींच्या संस्थेला परीक्षा घेऊन परवाने द्यायचा अधिकार मिळाला आणि शिकाऊ उमेदवाराला पाच वर्षे उस्तादाच्या हाताखाली राबणे सक्तीचे झाले.

या तिघांच्या बाहेर वैदू, दात उपटणारे, हाडे बसवणारे, सुईणी आणि बाटलीतले रामबाण औषध विकणारे होतेच. १५१२ सालच्या एका जुन्या इंग्लिश कायद्याच्या प्रस्तावनेत लोहार, विणकर आणि बायका असले अडाणी लोक वैद्यकी करू लागल्याची तक्रार आहे. 'बायका' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परवाने देणाऱ्या संस्थांची संख्या एकोणीसवर गेली होती. त्यांत लंडन, एडिंबरो, ग्लासगो, डब्लिन इथली कॉलेजे होती, विद्यापीठे होती, अपॉथेकरींचे मंडळही होते. प्रत्येकाची परीक्षा वेगळी आणि फी वेगळी. परवाना कुठे चालेल याच्या हद्दीही वेगळ्या. एडिंबरोचा परवाना लंडनमध्ये चालेलच असे नव्हते. या सगळ्यावर एक माणूस वर्षानुवर्षे तुटून पडला. त्याचे नाव टॉमस वॅकली. तो सर्जन होता. १८२३ मध्ये त्याने 'लॅन्सेट' हे साप्ताहिक काढले, ते आजही निघते. लंडनच्या मोठ्या रुग्णालयांत वशिल्याने नेमलेले सर्जन शस्त्रक्रियेत काय घोटाळे करतात, हे तो नावानिशी छापी. त्यावरून खटले झाले, पण वॅकली हटला नाही. पुढे तो पार्लमेंटमध्ये निवडून गेला. डॉक्टरीच्या सुधारणेची डझनाहून अधिक विधेयके एकामागून एक आली आणि पडली, कारण प्रत्येक कॉलेजाला आपला हक्क गमवायचा नव्हता. शेवटी १८५८ मध्ये एक तडजोड तरली.

ही तडजोड नीट समजून घेण्यासारखी आहे. कायद्याने भोंदूंना बंदी घातली नाही. इंग्लंडमधला कोणताही माणूस दुसऱ्या दिवशीही दुकान थाटून नाडी पाहू शकत होता. रोग्याला शिकलेला कोण आणि न शिकलेला कोण हे ओळखता यावे, एवढाच कायद्याचा उद्देश होता. त्यासाठी 'जनरल मेडिकल कौन्सिल' नावाची संस्था नेमली गेली आणि तिच्याकडे एक नोंदवही सोपवली गेली. एकोणीसपैकी कोणाचाही परवाना असेल त्याचे नाव वहीत येई आणि मग तो राज्यात कुठेही व्यवसाय करू शके. वहीत नाव नसलेला माणूस फीसाठी कोर्टात जाऊ शकत नव्हता, सरकारी नोकरी करू शकत नव्हता, कायद्याला लागणारा दाखला देऊ शकत नव्हता, आणि 'मी नोंदलेला डॉक्टर आहे' असे म्हणालाच तर दंड. पाहायला मऊ, पण बांधायला पक्की अशी ही दोरी होती. बंदी घालून जे साधले नसते ते या वहीने हळूहळू साधले.

कौन्सिलला दुसराही अधिकार मिळाला. कोणी फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरला, किंवा व्यवसायात 'लाजिरवाणे वर्तन' केल्याचे कौन्सिलला पटले, तर त्याचे नाव वहीतून खोडता येई. लाजिरवाणे म्हणजे काय, हे कायद्याने सांगितले नव्हते. ते कौन्सिलने ठरवायचे आणि कौन्सिल डॉक्टरांचीच होती.

ते कसे ठरले याचे एक उदाहरण सांगतो, कारण ते पावाशी निगडित आहे. टॉमस अॅलिन्सन हा लंडनमधला डॉक्टर चोकर न काढलेल्या गव्हाचा पाव खा, तंबाखू सोडा, औषधे कमी घ्या असे सांगे. वर्तमानपत्रांत लेख लिहून तो इतर डॉक्टरांच्या औषधांवर टीका करी आणि लोकांनी आपल्याकडे यावे असे सुचवी. कौन्सिलने १८९२ मध्ये त्याचे नाव खोडले. तो कोर्टात गेला. अपिलाच्या न्यायालयाने १८९४ मध्ये कौन्सिलची बाजू उचलून धरली आणि लाजिरवाण्या वर्तनाचा अर्थही सांगितला : चांगल्या लौकिकाच्या आणि जाणत्या व्यवसायबंधूंना जे लाजिरवाणे वाटेल ते. ही व्याख्या पुढे अनेक देशांच्या नियमांत शिरली. अॅलिन्सनचा मुख्य अपराध जाहिरातीचा होता, आणि डॉक्टरांनी जाहिरात करू नये हा नियम मला आजही योग्य वाटतो. पण पावाबद्दल आणि तंबाखूबद्दल तो बरोबर होता. त्याच्या नावाचे पीठ ब्रिटनच्या दुकानांत नंतरही विकले जात राहिले. त्याचे नाव खोडणाऱ्यांपैकी किती जणांची नावे आज कोणाला आठवतात?

याची उलट बाजूही आहे, आणि ती जास्त भयंकर आहे. हॅरोल्ड शिपमन या तरुण इंग्लिश डॉक्टरला १९७६ साली खोट्या चिठ्ठ्या लिहून स्वतःसाठी पेथिडीन हे गुंगीचे औषध मिळवल्याबद्दल शिक्षा झाली. कौन्सिलने त्याचे नाव खोडले नाही. पुढे तो मँचेस्टरजवळच्या हाइड गावी लोकप्रिय डॉक्टर झाला. १९९८ मध्ये त्याला अटक झाली आणि २००० च्या जानेवारीत पंधरा रोग्यांच्या खुनांबद्दल तो दोषी ठरला. नंतरच्या चौकशीत त्याने मारलेल्या माणसांचा आकडा २१५ निघाला. यांतली बहुतेक म्हातारी माणसे, त्यांतही बायका जास्त. ब्रिटनमध्ये डॉक्टरांनी दर पाच वर्षांनी आपली पात्रता पुन्हा सिद्ध करावी, ही पद्धत २०१२ च्या डिसेंबरपासून सुरू झाली. १८५८ ची वही एकदा नाव लिहिले की आयुष्यभर तेच धरून चालत होती. त्यातली ही उणीव उघड व्हायला दीडशे वर्षे लागली.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट वहीत नाव लिहून घेण्याची.

कायदा लिहिणाऱ्यांनी स्त्रियांना वहीत बंदी केली नव्हती. कारण स्त्री डॉक्टर होईल हे त्यांच्या डोक्यातच आले नव्हते. एलिझाबेथ ब्लॅकवेल या मूळच्या इंग्लिश बाईंनी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा मेडिकल कॉलेजातून १८४९ मध्ये एम.डी. घेतली होती. परदेशी पदवी घेऊन कायद्याआधी ब्रिटनमध्ये व्यवसाय केलेल्यांना वहीत जागा मिळेल असे एक कलम होते. त्याचा आधार घेऊन १८५९ मध्ये त्यांचे नाव वहीत गेले. हे कलम जुन्या लोकांपुरते होते, त्यामुळे त्यामागून दुसरी कोणी येऊ शकली नाही.

दुसरी फट एलिझाबेथ गॅरेट यांना सापडली. एकही वैद्यकीय शाळा त्यांना घेईना, म्हणून त्या खाजगी शिकल्या. अपॉथेकरींच्या सनदेत परीक्षेला बसणाऱ्यांबद्दल 'सर्व व्यक्ती' असे शब्द होते. स्त्री ही व्यक्ती आहे की नाही? गॅरेट यांच्या धनिक वडिलांनी कोर्टात जाण्याची धमकी दिली, तेव्हा अपॉथेकरींनी निमूटपणे परीक्षा घेतली. १८६५ मध्ये त्या उत्तीर्ण झाल्या. लगेच संस्थेने नियम बदलला : खाजगी शिकलेल्यांना परीक्षा नाही, मान्यताप्राप्त शाळेतूनच यायचे. मान्यताप्राप्त शाळा स्त्रियांना घेत नव्हत्या. नव्या नियमात स्त्रियांचे नाव कुठेही नव्हते हे ध्यानात घ्या. दर्जा उंचावण्याचा नियम होता तो, आणि कागदावर तो चांगलाही होता.

मग एडिंबरो. १८६९ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने सात स्त्रिया एडिंबरो विद्यापीठात वैद्यकीच्या वर्गात दाखल झाल्या. त्यांच्यातल्या एडिथ पीची या पाद्र्याच्या मुलीला रसायनशास्त्राच्या परीक्षेत इतके गुण पडले की पहिल्यांदाच परीक्षेला बसलेल्यांत ती पहिली आली. होप नावाची एक शिष्यवृत्ती अशा विद्यार्थ्यांसाठी होती. प्राध्यापक क्रम ब्राउन यांनी ती खालच्या क्रमांकाच्या मुलांना दिली. कारण? स्त्रियांचा वर्ग वेगळ्या तासाला भरत होता, म्हणून त्या या वर्गाच्या विद्यार्थिनी नाहीत. वेगळा वर्ग भरवण्याचा नियम विद्यापीठानेच केला होता. हे क्रम ब्राउन म्हणजे रेणूंच्या रचना कागदावर रेषांनी काढण्याची पद्धत रूढ करणाऱ्यांपैकी एक. आपण फळ्यावर काढतो त्या आकृत्यांमागे त्यांचे श्रम आहेत. चांगला रसायनशास्त्रज्ञ निर्णय देताना चांगलाच राहील असे नसते.

१८ नोव्हेंबर १८७० रोजी या स्त्रिया शरीररचनेच्या परीक्षेसाठी सर्जन्स हॉलकडे निघाल्या, तेव्हा फाटकापाशी दोनशेहून अधिक माणसे जमली होती. शिव्या आणि चिखल यांचा मारा झाला, फाटक लावून घेतले गेले. एका भल्या विद्यार्थ्याने ते आतून उघडले म्हणून त्या आत पोचल्या. परीक्षा सुरू असताना कोणीतरी एक मेंढी दालनात ढकलली. परीक्षक शिक्षकांनी ती राहू द्या, तिला आत सोडणाऱ्यांपेक्षा तिला जास्त अक्कल आहे, असे म्हटल्याचे सांगतात.

१८७३ मध्ये स्कॉटलंडच्या न्यायालयाने निकाल दिला की विद्यापीठावर स्त्रियांना पदवी देण्याचे बंधन नाही. चार वर्षांची मेहनत वाया गेली. जेक्स-ब्लेक लंडनला गेल्या आणि १८७४ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. पण शिकवून काय उपयोग? एकोणीसपैकी एकही संस्था परीक्षा घेईना, आणि परवान्याशिवाय वहीत नाव नाही.

आता एक नमुनेदार प्रसंग. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सकडे फक्त प्रसूतिशास्त्राचा असा एक छोटा परवाना होता. त्या काळी कोणताही एक परवाना वहीत नाव लिहायला पुरे. १८७६ मध्ये जेक्स-ब्लेक, पीची आणि इझाबेल थॉर्न या तिघींनी त्या परीक्षेसाठी अर्ज केला. कॉलेजाने वकिलांना विचारले, तर त्यांनी सांगितले की नाकारता येणार नाही. तेव्हा प्रसूतिशास्त्राच्या सगळ्या परीक्षकांनी राजीनामे दिले. परीक्षकच उरले नाहीत, मग परीक्षा कसली? बाळंतपणाच्या परीक्षेला बाई बसू नये म्हणून ती परीक्षाच बंद पडली!

त्याच वर्षी रसेल गर्नी या खासदाराचा एक लहानसा कायदा मंजूर झाला. परवाना देणाऱ्या संस्थांना हवे तर स्त्रियांची परीक्षा घ्यायला मुभा देणारा तो होता. बंधन त्यात नव्हते. पहिली पुढे आली ती डब्लिनची कॉलेज ऑफ फिजिशियन्स. १८७७ मध्ये एडिथ पीची यांनी आधी बर्न विद्यापीठाची एम.डी. आणि मग डब्लिनचा परवाना मिळवला. वहीत त्यांचे नाव लागले. पहिल्यांदा विद्यापीठाचे दार ठोठावल्याला आठ वर्षे झाली होती.

याच पीची १८८३ च्या अखेरीस मुंबईत उतरल्या.

मुंबईत तेव्हा जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांसाठी वैद्यकीय मदतीचा एक निधी उभारला होता. पुरुष डॉक्टरला अंग दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या हजारो बाया आहेत, त्यांना स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यामागचे कारण. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी मोठी देणगी दिली. पायाभरणी १८८३ मध्ये झाली आणि १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. स्त्री डॉक्टरांनी चालवायचे, असे ते रुग्णालय होते. पीची त्याच्या प्रमुख. पुरुष डॉक्टरांइतकाच पगार स्त्री डॉक्टरांना मिळावा यासाठी त्या इथेही भांडल्या. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवरही त्या गेल्या. पुढे त्यांनी हर्बर्ट फिप्सन यांच्याशी लग्न केले. निसर्गप्रेमी वाचकांना हे नाव माहीत असेल : बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभीच्या काळातला हा एक भक्कम खांब.

त्या सोसायटीच्या संस्थापकांत दोन हिंदी गृहस्थ होते. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर. एक आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि दुसरे सखाराम अर्जुन. ग्रँट कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले आणि त्याचे पहिले पदवीधर १८५१ मध्ये बाहेर पडले. भाऊ दाजी लाड त्यांतलेच. गोव्यात पोर्तुगीजांनी वैद्यक-शस्त्रक्रियेची शाळा त्याआधीच, १८४२ मध्ये काढली होती. सखाराम अर्जुन वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि त्यांची सावत्र मुलगी म्हणजे रखमाबाई. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायचे तिने नाकारले. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला १८८४ पासून १८८८ पर्यंत गाजला. आमच्या पाठ्यपुस्तकांत रखमाबाई या खटल्यापुरत्या येतात आणि निघून जातात. पण पीची यांनी त्यांची बाजू घेतली, निधी जमवायला मदत केली, आणि जेक्स-ब्लेक यांनी काढलेल्या त्याच लंडनच्या शाळेत त्या शिकायला गेल्या. १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. परत येऊन सुरत आणि राजकोट इथे त्यांनी आयुष्यभर काम केले. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या, पण पुढच्याच वर्षी पुण्यात गेल्या. त्यांना व्यवसाय करायला मिळाला नाही. रखमाबाईंनी तो केला, आणि एक-दोन वर्षे नव्हे तर कित्येक दशके केला. आपण त्यांना याच कामासाठी जास्त ओळखायला हवे असे मला वाटते.

आता वही मुंबईला येते. १९१२ मध्ये मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलने 'बाँबे मेडिकल अॅक्ट' मंजूर केला. हिंदुस्थानात प्रांताने केलेला असा हा पहिला कायदा. दोन वर्षांत बंगाल आणि मद्रास यांनीही तसेच कायदे केले. मुंबईच्या कायद्याचा साचा १८५८ चाच : एक कौन्सिल, एक नोंदवही, नाव लिहिण्याचे आणि खोडण्याचे अधिकार. इथेही वैद्य-हकिमांना बंदी नव्हती, पण वहीत जागाही नव्हती. इंग्लंडात एव्हाना एक नियम पक्का झाला होता : नोंद नसलेल्या माणसाच्या कामावर नोंदलेल्या डॉक्टरने आपल्या नावाचे पांघरूण घालू नये, घातले तर ते लाजिरवाणे वर्तन. लंडनमध्ये अर्धवट शिकलेल्या मदतनिसाला दवाखान्यात बसवून पैसे कमावणाऱ्यांसाठी तो नियम ठीक होता. इथे त्याचा अर्थ निराळा झाला. ज्या गावात डॉक्टर एक आणि वैद्य दहा, तिथे डॉक्टरने वैद्याशी सल्लामसलत करायचीच नाही काय? आयुर्वेदाच्या संस्थेत शिकवायचे नाही काय? या प्रश्नावर वैद्यांनी आणि अनेक डॉक्टरांनीही आवाज उठवला. या वादाचे उत्तर मुंबई प्रांतातच १९३८ मध्ये निघाले. खेर मंत्रिमंडळात आरोग्यखाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते, ते स्वतः नावाजलेले डॉक्टर. त्या वर्षीच्या 'बाँबे मेडिकल प्रॅक्टिशनर्स अॅक्ट'ने वैद्य-हकिमांसाठी वेगळी नोंदवही उघडली.

दरम्यान लंडनच्या वहीशी आपले भांडण जुंपले होते. हिंदी विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्या जनरल मेडिकल कौन्सिल मान्य करीत असे. १८८६ च्या एका दुरुस्तीने वहीत येण्यासाठी वैद्यक, शस्त्रक्रिया आणि प्रसूतिशास्त्र या तिन्ही विषयांत उत्तीर्ण होणे सक्तीचे झाले होते. दहा वर्षांपूर्वी परीक्षकांनी ज्या विषयाची परीक्षाच बुडवली, तोच विषय आता अपरिहार्य झाला! १९२० नंतर लंडनने विचारायला सुरुवात केली : तुमचे विद्यार्थी बाळंतपणे किती करतात? उत्तर अडचणीचे होते. रुग्णालयात बाळंतपणाला येणाऱ्या बायका थोड्या, आणि त्यांना पुरुष विद्यार्थ्याने हात लावायचा म्हणजे कठीणच. लंडनचा आक्षेप खोटा नव्हता. बाळंतपण न पाहिलेला डॉक्टर खेड्यात जाऊन काय करणार? पण विचारण्याची रीत अपमानाची होती. लंडनला पटेल असा तपासनीस इथे नेमावा, असे ठरू लागले. त्या पदासाठी पैसे मंजूर करायला मध्यवर्ती कायदेमंडळाने नकार दिला. १९३० मध्ये लंडनने हिंदी पदव्यांची मान्यता काढून घेतली.

मुंबईच्या दृष्टीने हा काळ मोठा विलक्षण होता. चारच वर्षांपूर्वी, १९२६ मध्ये, परळला केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज सुरू झाले होते. देणगीदारांची अट अशी की, प्राध्यापक हिंदीच असावेत आणि ते सरकारी नोकरीतले नसावेत. हिंदी माणसेच हिंदी डॉक्टर घडवू शकतात हे तिथे दाखवून दिले जात होते, आणि लंडनहून निरोप आला की तुमचे डॉक्टर आमच्या वहीत बसत नाहीत.

त्यातून १९३३ चा 'इंडियन मेडिकल कौन्सिल अॅक्ट' आला आणि देशाची स्वतःची कौन्सिल उभी राहिली. या कौन्सिलने प्रथम केले काय, तर पदवीधरांकडे पाहिले. वैद्यकीय शाळांतून तीन-चार वर्षे शिकून परवाना घेतलेले एल.एम.पी., एल.सी.पी.एस. वगैरे डॉक्टर तिच्या कक्षेबाहेर राहिले. त्यांची नोंद प्रांताच्या वहीत होती, पण देशपातळीच्या व्यवस्थेत त्यांना जागा नव्हती. भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा देशात सुमारे ४७,५०० नोंदलेले डॉक्टर होते आणि त्यांतले सुमारे ३०,००० हे असे परवानाधारकच. म्हणजे ज्यांच्यावर देश चालला होता त्यांनाच वगळले गेले. समितीच्या बहुमताने यापुढे एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर घडवावा अशी शिफारस केली. काही सदस्यांनी मात्र भिन्न मत नोंदवले : डॉक्टरांचा इतका तुटवडा असताना परवान्याचे शिक्षण एकदम बंद करू नका. वैद्यकीय शाळा बंद झाल्या किंवा त्यांची कॉलेजे झाली. १९५६ च्या नव्या कायद्याने उरलेल्या परवानाधारकांना कौन्सिलवर प्रतिनिधी दिले. त्या कौन्सिलची जागा आता २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली आहे. खेड्यांसाठी कमी मुदतीचे शिक्षण असावे की नसावे, हा वाद मात्र दर दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा निघतोच. मला स्वतःला भिन्न मत देणाऱ्यांचे म्हणणे अधिक पटते, पण माझे काही डॉक्टर मित्र यावर माझ्याशी कडाकडा भांडतात.

आमच्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेत एक म्हातारे एल.सी.पी.एस. डॉक्टर होते. माझ्या आजीची तिन्ही बाळंतपणे त्यांनी कंदिलाच्या उजेडात केली होती. दवाखान्यात त्यांच्या खुर्चीमागे प्रमाणपत्राची चौकट होती, काच तडकलेली. शाळेत असताना तापासाठी गेलो की इंजेक्शनची सुई उकळेपर्यंत मी तिच्यावरची इंग्रजी अक्षरे वाचत बसे. एकदा त्यांना विचारले, खालचा हा आकडा कसला? ते म्हणाले, ''तो माझा नंबर. मुंबईच्या वहीतला.'' आणि मग सुई पाण्यातून काढून त्यांनी दंड पुढे करायला सांगितले.